तांबडी चिठ्ठी कोणी काढायची? संस्थापकाची मूल्ये आणि कंपनीची संस्कृती

रबाळ्याच्या एका उद्योजकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : ११ वर्षांपूर्वी १४ माणसांनिशी सुरू केलेली त्यांची कंपनी आज १३० माणसांची झाली आहे. सुरुवातीला माणसे एकमेकांना सांभाळून घेत, झालेली चूक स्वतःहून येऊन सांगत. आता चूक झाकण्याकडे कल दिसतो आणि नवीन आलेला माणूस ‘मला काय त्याचे’ म्हणून बाजूला होतो. कंपनीची मूल्ये लिहून भिंतीवर लावावीत आणि सर्वांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यांना कोणी सुचवले आहे. त्याचा उपयोग होईल का, आणि उद्या आपण रोज कंपनीत नसलो तरी हे वातावरण टिकेल का, असे ते विचारतात.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर सापडले की पाटीचे काय करायचे हे आपोआप कळेल. मी १९९४ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कार्मिक अधिकारी म्हणून नोकरीला लागलो आणि तेव्हापासून वागळे, रबाळे, महापे, तुर्भे या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांत, आधी नोकरीत आणि पुढे सल्लागार म्हणून, माणसांचेच काम पाहत आलो. या सगळ्या वर्षांतून माझी एक खात्री झाली आहे. एखादे मूल्य पाळण्यासाठी संस्थापकाला पदरमोड करावी लागली आणि ती माणसांनी डोळ्यांनी पाहिली, की ते मूल्य कंपनीत उतरते. आणि ते पुढे टिकायचे असेल, तर त्या मूल्याचा अधिकार संस्थापकाने स्वतःकडून काढून दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. पहिली गोष्ट बरेच संस्थापक करतात. दुसरी फार थोड्यांना जमते.

हे कसे घडते ते मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे, म्हणून तो प्रसंग सविस्तर सांगतो. १९९६ च्या मार्चचा शेवटचा आठवडा होता. आमच्या कंपनीत पंपांसाठी लागणाऱ्या बेअरिंग हाउसिंगचे, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या भागाचे, मशिनिंग होत असे. वर्षअखेरची विक्री दाखवायची म्हणून सगळ्यांची घाई चालली होती. संध्याकाळी सातला टेम्पो भरून गेटपाशी उभा होता आणि चलनही फाडून झाले होते. अशा वेळी तेविशीतल्या एका तपासनीसाने त्याच लॉटमधल्या, रॅकवर उरलेल्या नगांत भोकाचे माप तपासायचा प्लग गेज घालून पाहिला, तर आत जायला नको अशी त्याची ‘नो-गो’ बाजू बोअरमध्ये, म्हणजे भोकात, सरळ गेली. बोअर जवळजवळ ३० मायक्रॉनने मोठा झाला होता. हा फरक केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, पण तेवढ्याने बेअरिंग हाउसिंगमध्ये घट्ट बसले नसते, चालू पंपात ते जागेवर फिरू लागले असते आणि काही महिन्यांत हाउसिंग झिजून पंप बंद पडला असता. मुलगा गेटपर्यंत पळत गेला आणि त्याने टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर तांबडी चिठ्ठी, म्हणजे माल अडवल्याची खूण, चिकटवली.

उत्पादन व्यवस्थापक त्याच्यावर ओरडले. विक्रीचे साहेब म्हणाले की गिऱ्हाईक एवढे मोजत बसत नाही. आवाज ऐकून मालक केबिनमधून खाली आले. कंपनीत सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. तीन पेट्या खाली उतरवून घेतल्या, खिशातल्या रुमालाने गेज पुसला, तीन नगांत स्वतः घालून पाहिला आणि एवढेच म्हणाले, “गाडी रिकामी करा.” मग गेटवरच्या पहारेकऱ्याच्या टेबलावरूनच त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि माल आठ दिवस उशिरा येईल, चूक आमची आहे, हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. त्या महिन्याचे पगार ओव्हरड्राफ्टमधून झाले. पगारपत्रक माझ्याकडे असल्यामुळे ते मला ठाऊक होते, आणि दोन दिवसांत सगळ्या शॉपलाही कळले.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. त्या मुलाची पाठ थोपटत न बसता काका बोअरिंग मशिनवरच्या कामगाराकडे गेले आणि काय झाले ते विचारले. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, बदलल्यावर पहिला नग मोजायचा असतो. तो आपण मोजला नाही, हे त्या कामगाराने कबूल केले. का मोजला नाही, तर बोअर गेज दोन मशिनांत मिळून एकच होता आणि त्या वेळी तो दुसऱ्या मशिनवर होता. पुढच्याच आठवड्यात दुसरा बोअर गेज आला. कामगाराला मेमो दिला गेला नाही. ‘चूक सांगितली तर गेज येतो, चूक लपवली तर माल परत येतो’ ही समजूत त्या शॉपमध्ये तिथून रुजली. असे वाक्य कोणी कधी उच्चारले नाही, पण माणसे त्याप्रमाणे वागू लागली.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्याकडून अर्ध्या कागदावर एक नियम टाइप करून घेतला. ज्याने तांबडी चिठ्ठी लावली त्यानेच ती काढायची. तो रजेवर असेल तर त्याच्या जागी नेमलेल्या तपासनीसाने पुन्हा माप घेऊन मगच काढायची. उत्पादन किंवा विक्री विभागातल्या कोणीही ती काढायची नाही. कागद सहीसाठी नेला तेव्हा त्यांनी ‘विक्री’ शब्दापुढे पेनाने आणखी एक शब्द घातला : ‘व्यवस्थापन’. सहा महिन्यांनी त्या शब्दाची परीक्षा झाली. त्यांच्या जुन्या मित्राच्या कारखान्याचा माल अडला होता आणि काका स्वतः रॅकपाशी जाऊन ‘हा सोडून दे, मी बोलतो त्याच्याशी’ असे त्याच मुलाला म्हणाले. मुलगा हळू आवाजात म्हणाला, “काका, चिठ्ठी माझी आहे.” काका मिनिटभर तिथेच उभे राहिले आणि काही न बोलता परत केबिनमध्ये गेले. माझ्या मते त्या कंपनीची संस्कृती मार्चमध्ये जन्मली असली, तरी ती पक्की त्या मिनिटाला झाली.

काका आज हयात नाहीत. कंपनी त्यांची मुलगी चालवते, यंत्रे बदलली, गिऱ्हाइके बदलली. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेलो तेव्हा कळव्याहून येणाऱ्या एका नव्या तपासनीसाने मला तांबड्या चिठ्ठीचा नियम जसाच्या तसा सांगितला. हा नियम कोणी घातला ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. मला ते ऐकून समाधान वाटले. संस्थापकाचे नाव विसरले गेले तरी त्याचे वागणे उरले, म्हणजे ते खरोखर कंपनीचे झाले.

अभ्यासकांनीही वेगळ्या वाटेने हेच सांगितले आहे. एमआयटीतील प्राध्यापक एडगर शाईन यांनी संस्थांच्या संस्कृतीवर आयुष्यभर काम केले. त्यांच्या मांडणीनुसार पुढारी कशाकडे लक्ष देतो आणि काय मोजतो, अडचणीच्या प्रसंगी कसा वागतो, पैसा कुठे घालतो, स्वतःच्या वागण्यातून काय शिकवतो, कोणाला बढती देतो, कोणाला घेतो आणि कोणाला काढतो, यांतून संस्कृती रुजते. लेखी स्वरूपातली मूल्ये, इमारतीची रचना, समारंभ या गोष्टी त्यांनी दुय्यम मानल्या. पहिल्या गोष्टींशी त्या जुळत असतील तर त्यांना बळ देतात, जुळत नसतील तर लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. तुमच्या पाटीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. स्टॅनफर्डच्या जेम्स बॅरन आणि मायकल हॅनन यांनी १९९० च्या दशकात सिलिकॉन व्हॅलीतल्या सुमारे २०० तरुण कंपन्यांचा अभ्यास केला. नोकरीचे नाते कसे असावे याविषयी संस्थापकाच्या मनात सुरुवातीला जी कल्पना असते तिचा ठसा पुढे बराच काळ राहतो, आणि ती कल्पना मध्येच बदलली तर माणसे सोडून जाण्याचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. आपल्याकडच्या कंपन्यांतही मी हे पाहिले आहे. बाहेरून आलेला नवा व्यवस्थापक जुन्या रीतीला हात लावतो तेव्हा आधी चांगली माणसे जातात, कारण त्यांना दुसरीकडे नोकरी मिळते.

आपल्या देशातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण जमशेटजी टाटांचे. त्यांची नागपूरची कापडगिरणी, एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची सोय झाली, तर सरकारचा भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. नियोजित पोलादनगरीत (पुढचे जमशेदपूर) रुंद रस्ते असावेत, सावलीची झाडे लावावीत, हिरवळीला आणि खेळाच्या मैदानांना भरपूर जागा ठेवावी, असे त्यांनी १९०२ मध्ये मुलगा दोराबजींना पत्राने कळवले होते. पण १९०४ मध्ये जमशेटजी वारले. पोलाद कंपनी स्थापन झाली १९०७ मध्ये आणि तिथे आठ तासांचा दिवस आला १९१२ मध्ये. पगारी रजा आणि कामगारांचा भविष्य निर्वाह निधी १९२० मध्ये, प्रसूतीचे लाभ १९२८ मध्ये. म्हणजे ज्या गोष्टींसाठी आपण त्यांचे नाव घेतो त्यांतल्या बऱ्याचशा त्यांच्या डोळ्यांसमोर घडल्याच नाहीत. वारसांनी, संचालकांनी त्या केल्या, आणि टाटा सन्स या समूहाच्या मुख्य कंपनीची सुमारे ६६ टक्के मालकी धर्मादाय न्यासांकडे असल्यामुळे त्या विचाराला एका माणसाच्या आयुष्यापलीकडचा आधार मिळाला. हे सांगताना त्याच जमशेदपुरात १९२० आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चांगल्या मूल्यांच्या कंपनीत भांडण होत नाही, असा समज करून घेऊ नका.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत असताना त्यांची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना देण्यात आली आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढे १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथे अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक राहिला. जन्मावरून माणसाची जागा ठरते हे ज्याने स्वतः सोसले, त्याने आपल्या वसाहतीत तसे होऊ दिले नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. बहुतेक संस्थापकांची खरी मूल्ये अशा एखाद्या जुन्या जखमेतून आलेली असतात. तुमचीही कुठून आली ते एकदा शांतपणे आठवून पाहा, कारण जे मूल्य केवळ ऐकून किंवा वाचून घेतलेले असते ते पहिल्याच तोट्याला गळून पडते.

मूल्य रोजच्या कामात कसे बसवावे, हे लिज्जत पापडाकडून शिकण्यासारखे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले. देणगी घ्यायची नाही, हिशेब चोख ठेवायचा, काम करणारी प्रत्येक बहीण मालक, ही शिकवण त्यांना समाजसेवक छगनबाप्पा पारेख यांच्याकडून मिळाली. शिकवण तेवढ्यावर राहिली असती तर केव्हाच विरून गेली असती. ती टिकली, कारण सकाळी केंद्रावर भिजवलेले पीठ घ्यायचे, घरी लाटायचे, वाळलेले पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ हातात घ्यायची, या रोजच्या फेऱ्यात ती गुंफलेली होती. मालकीचा अर्थ त्या बहिणींना कोणी समजावून सांगावा लागत नव्हता.

आता याची दुसरी बाजू, जी सांगायला मला आवडत नाही, पण सांगितलीच पाहिजे. संस्थापकाचे गुण जसे उतरतात तसेच दोषही उतरतात, आणि दोषांना कागदी नियमाचीही गरज लागत नाही. महाप्याच्या एका सेवा कंपनीत मी काही वर्षे सल्ला देत होतो. तिथले संस्थापक स्वतः रात्री नऊ-साडेनऊपर्यंत बसत. ‘तुम्ही वेळेवर घरी जा’ असे ते सर्वांना मनापासून सांगत, पण रात्री कोणाला हाक मारायची झाली तर जो समोर दिसेल त्यालाच मारत, आणि मोठे काम, परदेशवारी, बढती हे सगळे त्या समोर दिसणाऱ्यांकडेच जाई. हळूहळू मजल्यावरून त्यांच्या केबिनचा दिवा दिसतो का, हे पाहून माणसे उठू लागली. पुढे ते संस्थापक कंपनीतून बाहेर पडले, केबिन काढून तिथे बैठकीची खोली झाली. तरीही साडेआठच्या आत कोणी उठत नाही. लहान मूल असलेल्या बायका तिथे दोन वर्षांच्या वर टिकत नाहीत, आणि नव्या मुलांना विचारले तर ती ‘इथे असंच असतं’ एवढेच सांगतात.

त्याहून गंभीर प्रकार मस्टरचा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, म्हणून मस्टरवर १९ नावे ठेवायची आणि उरलेली माणसे ठेकेदाराच्या नावावर दाखवायची, हा प्रकार मी आपल्या पट्ट्यात अनेकदा पाहिला आहे. पैसे वाचतात हे खरे. पण शेजारी शेजारी एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या नावे निधी जमा होतो आणि दुसऱ्याच्या नावे नाही, हे त्या दोघांना रोज दिसत असते. आणि खोटे रजिस्टर लिहिणारा कारकून मालकाकडूनच शिकतो की कागद हा लिहायचा एक आणि वागायचे दुसरे. पुढे तोच कारकून स्टोअरच्या नोंदी लिहितो, तपासणीचे अहवाल लिहितो. मग मालकाला आश्चर्य वाटते की माझ्या कंपनीतले आकडे खरे का नसतात.

पुरवठादारांच्या बाबतीतही तेच घडते. ‘साहेब बाहेर आहेत’ असे फोनवर सांगायला लावले की हिशेबनीस जे शिकतो ते फक्त पुरवठादारापुरते राहत नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही, ही तरतूद आता आली आहे. पण कायद्याच्या कितीतरी आधी रबाळ्याचेच दुसरे एक उद्योजक शुक्रवारी दुपारी जॉबवर्क करणाऱ्यांचे धनादेश स्वतः सह्या करून खिडकीवर ठेवत. मंदीच्या एका वर्षी त्यांनी तीन महिने स्वतःचा पगार उचलला नाही, पण शुक्रवार चुकवला नाही. त्यांच्या खरेदी विभागातला माणूस लबाडी करताना मला कधी आढळला नाही. त्याच्यावर पाळत ठेवणारे कोणी नव्हते, फक्त त्या खिडकीपुढची शुक्रवारची रांग त्याने वर्षानुवर्षे पाहिली होती.

भिंतीवरच्या शब्दांचे काय होते हे देशाने २००९ मध्ये पाहिले. ज्या कंपनीचे नावच ‘सत्यम’ होते, तिच्या संस्थापकांनी ७ जानेवारीच्या पत्रात ताळेबंद खोटे असल्याचे कबूल केले. उत्तम कारभारासाठी त्याच कंपनीला आदल्या वर्षी पुरस्कार मिळाला होता. त्याच वर्षी मीही एका कंपनीसाठी लोणावळ्याला दोन दिवसांचे शिबिर घेऊन सहा मूल्ये ठरवून दिली होती आणि त्यांच्या चौकटी करून लावल्या होत्या. वर्षभराने गेलो तेव्हा ‘आदर’ या शब्दाच्या बरोबर खाली बसलेला एक व्यवस्थापक शिपायाला एकेरीत झापत होता. त्या शिबिरात त्या व्यवस्थापकाची बढती कोणत्या कारणावरून झाली हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो न विचारल्याची खंत मला अजूनही आहे.

एक नाजूक मुद्दा आहे, आणि तुमच्या कंपनीला तो लागू असण्याची शक्यता आहे. आपल्याकडचे पुष्कळ उद्योजक आपल्या गावची, तालुक्याची पोरे घेऊन सुरुवात करतात. त्यामागची भावना खरी असते : आपल्याला कोणी हात दिला, आपण दुसऱ्याला द्यावा. पहिली दहा वर्षे ही माणसे जीव तोडून काम करतात. मग कंपनी वाढते, ती पोरे सुपरवायझर होतात, आणि बाहेरून आलेल्याला कळते की इथे चांगले काम करण्यापेक्षा ‘आपला’ असणे उपयोगाचे. ‘मदत करणे’ हे संस्थापकाचे मूल्य तोवर ‘आपल्यांना सांभाळणे’ होऊन बसलेले असते, आणि संस्थापकाला ते दिसत नाही, कारण त्याच्या मनात अजून जुनेच मूल्य असते. तुमच्या पत्रातला ‘मला काय त्याचे’ म्हणणारा नवा माणूस मला इथे दिसतो. सुरुवातीच्या १४ जणांपैकी आज कितीजण सुपरवायझर आहेत, आणि त्यांनी घेतलेली माणसे कोणत्या गावची आहेत, हे आधी पाहा.

याच संदर्भात मूल्य आणि सवय यांतला फरकही पाहावा लागेल. प्रत्येक किरकोळ व्हाउचर तुम्ही स्वतः तपासत असाल, तर त्यामागचे मूल्य काटकसर असेल, पण १३० माणसांच्या कंपनीत ती सवय अविश्वास म्हणूनच वाचली जाते. १४ जणांच्या कंपनीत तुमचे दार उघडे असणे म्हणजे मोकळेपणा होता. आता सुपरवायझरला डावलून कोणीही थेट तुमच्यापर्यंत येत असेल, तर त्याच उघड्या दाराने सुपरवायझरची किंमत जाते. मूल्य तेच ठेवून सवय बदलायला संस्थापकाला फार जड जाते, कारण सवय हीच त्याला स्वतःची ओळख वाटत असते.

तुम्ही काय करावे, हे आता सांगतो. तुमच्या १३० पैकी निदान ११६ जणांनी तुम्हाला पदरमोड करताना पाहिलेले नाही. त्यांना तुम्ही ठाऊक आहात ते त्यांच्या सुपरवायझरच्या वागण्यातून. म्हणून पुढचा महिनाभर पाटीचा विचार बाजूला ठेवा आणि गेल्या तीन वर्षांतल्या बढत्यांची यादी घेऊन बसा. ज्याने आकडा गाठला पण माणसे दुखावली, अशा किती जणांना बढती मिळाली ते पाहा. मग चूक सांगायला आलेल्या शेवटच्या माणसाचे पुढच्या दहा मिनिटांत काय झाले ते शोधा. त्याला आधी ‘कोणी केले’ असे विचारले गेले की ‘कशामुळे झाले’ असे. चूक झाकण्याची सवय त्या दहा मिनिटांतच लागते, आणि ती मोडण्यासाठी तुम्हालाच एकदा त्या जागी उभे राहावे लागेल, शक्यतो महिनाअखेरीला, जेव्हा उभे राहणे महाग पडते.

नव्या माणसांच्या निवडीत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका कामगाराला बसवा आणि त्याच्या नकाराला वजन द्या. कोणाला घेता यापेक्षा कोणाला राहू देता हे लोक अधिक बारकाईने पाहतात. कामात हुशार पण खोटा अहवाल देणारा माणूस तुमच्याकडे असेल आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत असेल, तर त्याच्याबाबतचा तुमचा निर्णय हेच तुमचे खरे मूल्यपत्रक आहे. मुलगा किंवा मुलगी पुढे येणार असेल तर त्यांना आधी वर्षभर तपासणीत किंवा डिस्पॅचमध्ये, दुसऱ्या कोणाच्या हाताखाली काम करू द्या. थेट केबिनमध्ये आलेल्या वारसाला वडिलांचा अधिकार मिळतो, पण त्या अधिकाराला कुठे मुरड घालायची असते ते त्याला कोणी दाखवत नाही.

पाटी लावायचीच असेल तर वर्षभराने लावा, आणि तिच्यावर गुणवाचक नामे लिहू नका. तुमच्या कंपनीत खरोखर घडलेले तीन-चार प्रसंग सर्वांत जुन्या कामगाराकडून आणि सर्वांत नव्या मुलीकडून लिहवून घ्या, ती जशी बोलतात तशाच भाषेत. दोघांना एकच प्रसंग आठवला तर समजा की तो रुजला आहे.

त्याआधी मात्र एक कागद तयार करा. तुमच्याकडे असलेला कोणता तरी एक अधिकार, माल थांबवण्याचा असो, पुरवठादाराचे पैसे ठरल्या दिवशी सोडण्याचा असो किंवा खोटी नोंद नाकारण्याचा असो, तो कंपनीतल्या एका लहान पदावरच्या माणसाला द्या. तो निर्णय कोणाला फिरवता येणार नाही याची यादी त्या कागदावर टाइप करून घ्या, आणि शेवटचा ‘व्यवस्थापन’ हा शब्द त्या माणसासमोर स्वतःच्या हाताने लिहा.